बाबांना टोकण्याचा सराव

आमच्या घरात बाबा कधी चुकत नसत. म्हणजे चुकत, चारचौघांसारखेच चुकत, पण ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुकले काय आणि न चुकले काय, सारखंच. वर्ध्याच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही. गादीवर बसून बाबा जे बोलत ते जिना चढून वर येईपर्यंत कायदा झालेलं असे. एका उन्हाळ्यात मामाकडे बडनेऱ्याला जायचं होतं. बाबा म्हणाले, "गाडी तीन नंबरवर लागते." आम्ही सगळे तीन नंबरवर जाऊन उभे राहिलो, ट्रंका, पाण्याची सुरई, दशम्यांचा डबा घेऊन. भोंग्यावर बाई स्पष्ट सांगत होती की गाडी एक नंबरवर येत आहे. आईनं ऐकलं, मी ऐकलं, माझा धाकटा भाऊ संजू तेव्हा पाच वर्षांचा, त्यानंही ऐकलं. सामान उचलायला आलेले दुकानातले देवीदासभाऊ, त्यांनीही ऐकलं. गाडी एक नंबरवर आली, पाच मिनिटं थांबली, आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "हे आपली नाई." पुढची गाडी चार तासांनी होती. तोवर आम्ही बाकावर बसून दशम्या संपवल्या आणि कुणीही काही बोललं नाही.

ही गोष्ट मी नोकरीत नव्यानं येणाऱ्या पोरापोरींना दरवर्षी सांगते. हसतात. मग एखादी पोरगी हळूच म्हणते, मॅडम, आमच्याकडेही असंच आहे. मी म्हणते, म्हणूनच सांगतेय बाई.

बाबा रागीट होते असं नाही. आवाज मोठा होता, एवढंच. आजोबा लवकर गेले, दुकान अठराव्या वर्षी अंगावर पडलं, आणि त्या वयाच्या पोराला बाजारात उभं राहायचं तर माझं चुकतंय असं म्हणून भागत नसणार. हे आता कळतं. तेव्हा फक्त आवाज ऐकू येई. सकाळी देवीदासभाऊ शटर वर ढकलत त्याची करकर, मग बाबांची उदबत्ती, मग दिवसभर कापडाची थानं उलगडल्याचे धप्‌ धप्‌ आवाज आणि कात्री चालल्याची खसखस. मधूनमधून बाबांची हाक, "देवीदास, ते वरचं आस्मानी काढ!" आणि उत्तर, "हो जी!" देवीदासभाऊ माझ्या जन्माच्या आधीपासून दुकानात होते आणि बाबांशी त्यांचं सगळं बोलणं या दोन शब्दांत भागे. आस्मानी थान दोन महिन्यांपूर्वीच संपलेलं असलं तरी ते "हो जी" म्हणत, शिडीवर चढत, आणि वर जाऊन थोडा वेळ शोधल्यासारखं करत.

वर आईचं राज्य. ती पाट्यावर मसाला वाटायला बसली की त्या आवाजानं मला अजून झोप येते. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा शिजत असला की वास जिन्यानं खाली उतरे आणि लुगडी बघायला आलेल्या बाया नाकं वर करून विचारत, "शेठजी, वर काय शिजून राह्यलं?" हिवाळ्यात सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची, रविवारी वडाभात, वरून कडकडीत तेलाची फोडणी. एकदा बाबा भाजीचा पहिला घास घेऊन म्हणाले, "मीठ नाई." भाजीत मीठ चांगलं होतं, उलट जरा जास्तच होतं. आईनं मुकाट्यानं मीठ आणून वाढलं. बाबांनी ते कालवलं, खाल्लं, आणि रात्रीपर्यंत तांब्याभर पाणी प्याले. आईला विचारलं तर म्हणाली, "तहान लागली की समजते आपोआप." आईची ही रीतच होती. टोकायचं नाही, तहान लागेपर्यंत थांबायचं. बाबांचा एखादा निर्णय बदलायचा असला तर ती तीन दिवसांनी त्याच गोष्टीबद्दल एक साधा प्रश्न विचारी आणि निर्णय बाबा स्वतःच बदलत. मीही तेच शिकले. घरात ते छान चालतं. विमानाला मात्र तीन दिवस थांबता येत नाही.

एम.एस्सी. झाल्यावर पेपरातली जाहिरात बघून मी अर्ज केला आणि निवड झाली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "सरकारी हाय ना?" काम काय ते मी समजावलं, की विमानं हवेत एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून खालून पायलटांशी रेडिओवर बोलायचं, कुणी किती उंचीवर उडायचं, कुणी आधी उतरायचं ते सांगायचं. त्या काळात नव्या नव्या कंपन्यांची विमानं सुरू झाली होती आणि बाबा म्हणाले, "म्हंजे आता आभाळात बी चौकातल्यासारखी गर्दी." दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सांगू लागले की पोरगी आभाळातली हवालदार होऊन राह्यली. शिट्टी देतात का हो, असं एका बाईनं विचारलं तर म्हणाले, "देतात. मोठी."

मग मी उत्तरेतल्या एका गावी प्रशिक्षणाला गेले. तिथलं खाणं, तिथली थंडी यांबद्दल पुष्कळ तक्रारी आहेत, त्या राहू द्या. सांगायची आहे ती एकच गोष्ट. या धंद्यात खालून सांगितलेला आकडा पायलटनं जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो. मी म्हटलं, अकरा हजार फुटांवर उतरा, की त्यानं म्हणायचं, अकरा हजार फुटांवर उतरतो. त्याला रीडबॅक म्हणतात. जगात कुठंही जा, ही पद्धत एकच. पण खरी गोम पुढं आहे. त्यानं म्हटलेलं मी कान देऊन ऐकायचं, आणि चुकीचं असेल तर तिथल्या तिथं सांगायचं. मी गप्प बसले तर त्याचा अर्थ, बरोबर आहे. तो निवांत त्या चुकीच्या उंचीवर जाणार. म्हणजे दोघंही बोलतात, दोघांनाही ऐकू येतं, आणि तरी माणसं मरू शकतात, ती त्या एका गप्प बसण्यानं.

परीक्षेला आम्हाला एका खोलीत बसवत, कानाला हेडफोन, पुढ्यात विमानांच्या नावांच्या कागदी पट्ट्या. पलीकडच्या खोलीत परीक्षक पायलट होऊन बोलत. आमचे परीक्षक निवृत्त कॅप्टन होते, पांढऱ्या मिशा, खर्जातला आवाज, आयुष्य विमानात गेलेलं. सगळे त्यांना चळचळा कापत. मी त्यांना सांगितलं, अकरा हजारांवर उतरा. ते म्हणाले, दहा हजारांवर उतरतो. दहा हजारांवर दुसरं विमान होतं. माझ्या समोरच्या पट्टीवर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मी ऐकलं. अगदी लख्ख ऐकलं. आणि मनात म्हटलं, एवढा मोठा माणूस, त्याला माहीत असेल. दोन मिनिटांनी कागदावर दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि मी नापास झाले. तुला ऐकू आलं नाही का, असं कॅप्टननी विचारलं. मी म्हटलं, नाही सर. खोटं बोलले. ऐकू येऊन गप्प बसले, हे कुठल्या तोंडानं सांगणार!

एक महिन्यानं परत परीक्षा, तीही शेवटची. त्यात नापास झालं की नोकरी गेली. मी घरी आले आणि एवढंच सांगितलं की पेपर जरा अवघड होता. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुरणपोळी केली. मला रडू येत होतं ते नोकरीपायी नव्हतं फक्त. उद्या खरंच तिथं बसवलं तर मी माणसं मारीन, ही भीती होती.

सराव करायचा तर पायलट पाहिजे. घरात पायलटांना तोटा नव्हता. संजूचा वॉकमन होता, त्याचे हेडफोन मी कानाला लावायची, त्यातून काही ऐकू येत नसे पण जरा अंगात येई. पायलटला मी दिसायला नको म्हणून त्यानं थानांच्या ढिगामागे बसायचं. दुपारी दोन ते चार बाजार थंड असे, तेव्हा ही विमानं उडत. संजू तेव्हा बारावीत, एक नंबरचा चावट, मुद्दाम चुकीचे आकडे म्हणायचा आणि मी त्याला घारीसारखी पकडायची. आई वरून वडीचं सारण ढवळत ढवळत विमान चालवी. "अकरा हजार फूट. बरं. अन्‌ सांभार निवडून ठेवला का तू?" मी ओरडायची, "आई, सांभार नाई येत त्याच्यात!" ती म्हणे, "मंग वड्या कायच्या करू?" तिलाही टोकायला मला काही वाटत नसे. देवीदासभाऊ तर अवघडच पायलट. काहीही सांगितलं की ढिगामागून उत्तर येई, "हो जी!" मी म्हणायची, भाऊ, आकडा म्हना परत. ते म्हणत, "तुमी सांगतला ना बाई, मंग मी काऊन म्हनू? बरं दिसते का?" त्यांच्या मते मालकाचा शब्द परत उच्चारणं म्हणजे त्याची नक्कल करणं होतं.

आणि मग एके दिवशी बाबा म्हणाले, "मी बसतो." बसले, आणि त्यांना ते असं आवडलं की विचारू नका. आवाज खाली उतरवून ते "कॅप्टन बोलून राह्यलो" अशी सुरुवात करत. पण तीस वर्षांची कापडदुकानाची सवय! आकडा कानावर आला की बाबांच्या तोंडून त्याहून कमीचाच निघे. मी म्हणायची, अकरा हजारांवर उतरा. ते म्हणत, "दहावर उतरतो." बारा म्हटलं की साडेअकरा. एकदा तर म्हणाले, "आठात बसवा ना बाई." आभाळाचा भाव पाडून मागणारा असा पायलट जगात दुसरा नसेल. आणि मी काय करायची? दरवेळी म्हणायची, बरोबर.

चौथ्या दिवशी संजूनं पकडलं. "ताई, तू यायले पास करून राह्यली! तू अकरा सांगतलं, बाबा धा म्हनले."

ढिगामागून आवाज आला, "कोन चुकलं?"

संजू छताकडे बघू लागला. मी म्हटलं, "कोनी नाई, बाबा."

बाबा बाहेर आले. माणूस धंद्यातला, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरून ओळखणारा की हे घेणार की नुसतं उलगडून बघणार. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तिथं बी असंच झालं का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. कॅप्टन, दहा हजार, दुसरं विमान.

"तुले ऐकू आलतं?"

"आलतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मोठे होते ते बाबा. मिशा पांढऱ्या होत्या."

"मोठ्याले टोकायचं नाई, हे कोनं शिकवलं तुले?"

अव माय! समोरच्या सोनाराच्या हातोडीची टिकटिक दुकानात ऐकू येऊ लागली. आई अर्ध्या जिन्यात येऊन थांबली होती, ती हाताचं पीठ बघू लागली. देवीदासभाऊंनी एक घडी केलेलं थान उलगडलं आणि परत घडी घालायला घेतलं. मी म्हटलं, "कोनीच नाई." बाबांनी एकेकाकडे बघितलं. हेही त्यांना कुणी सांगणार नव्हतं. पण त्या दिवशी ते त्यांना कळलं असावं, कारण जेवताना त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली, जी त्यांना आवडत नसे.

सकाळी हुकूम निघाला. "आजपासून मी चुकीन. तू मले टोकायचं. कोनी मंधात बोलायचं नाई." आणि बाबा चुकू लागले. चहा घेता घेता एकदम म्हणत, "सूर्य पश्चिमेकडून निंगते." आणि माझ्याकडे बघत. मी म्हणे, "नाई बाबा, पूर्वेकडून." "शाब्बास!" गिऱ्हाइकासमोर म्हणत, "सेवाग्राम इथून शंभर कोसावर हाय." गिऱ्हाईक घाबरून बघे. मी म्हणे, "नाई बाबा, जवळच हाय." "शाब्बास पोट्टी!" आता हे काय टोकणं झालं? हुकूम होता म्हणून मी टोकत होते. ज्याला टोकायचं त्याचीच परवानगी घेऊन टोकायला काय लागतं! मला माहीत होतं की माझ्यात काही बदललं नाही. परीक्षेला आठ दिवस राहिले होते आणि मला जेवण जात नव्हतं.

आणि त्यातच लग्नाचा बस्ता बांधायला गिरडकडचं एक घर आलं. बारा-तेरा माणसं, सकाळच्या एस.टी.नं आलेली, गादीभर पसरली. लुगडी झाली, पातळं झाली, शर्टाची कापडं झाली, चहा दोनदा झाला. शेवटी सुटाचं कापड. नवरदेवाचे वडील, शांत, कमी बोलणारे म्हातारे शेतकरी, हात जोडूनच बोलायची सवय. ते म्हणाले, "शेठजी, त्या करड्यातलं नवरदेवाले काढा, अन्‌ निळ्यातलं त्याच्या लहान्या भावाले." करड्याचं थान शेवटाला आलं होतं, त्यात एकच सूट निघाला असता. बाबांना एकीकडे कुणी रुमाल विचारत होतं, दुसरीकडे कुणी टॉवेल. त्यांनी मान हलवली आणि देवीदासभाऊंना मोठ्यानं सांगितलं, "करडं लहान्या भावाचं काप. निळं नवरदेवाचं."

मी गादीच्या टोकाला घड्या घालत होते. म्हाताऱ्यांनी ऐकलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी नवरदेवाकडे बघितलं, त्यानं खाली बघितलं, आणि म्हातारे गप्प बसले. शेठजींना कसं टोकावं! देवीदासभाऊंनीही दोन्ही ऐकलं होतं, त्यांची नजर मला सांगत होती. ते म्हणाले, "हो जी," आणि करड्याला गज लावला. लहान्या भावाच्या अंगाला कापड कमी लागणार होतं. एकदा कात्री चालली की नवरदेवाचा सूट त्यातून निघणार नव्हता. मी बघत होते. मला त्या क्षणी विमान-बिमान काही आठवलं नाही, उगाच कशाला सांगू! मला फक्त त्या पोराचं खाली घातलेलं तोंड दिसत होतं. कात्री उघडली.

"थांबा!"

इतक्या मोठ्यानं ओरडले की मीच दचकले. "बाबा, नाई. करडं नवरदेवाचं. निळं भावाचं. काकांनी तसं सांगतलं."

तेरा माणसं माझ्याकडे बघत होती. बाबांचं तोंड लाल झालं, कानापर्यंत. त्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, "असं म्हनले का तुमी?" म्हातारे हात जोडून म्हणाले, "म्हनलो होतो जी. पन निळं बी चालते." बाबा देवीदासभाऊंना म्हणाले, "काप तसं." या वेळी शाब्बास नव्हतं. शाब्बास पोट्टी नव्हतं. गाठोडी बांधून लोक गेले, नवरदेव जाताना माझ्याकडे बघून चोरून हसला, आणि बाबा वर येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

ते तीन दिवस! बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी पाहिजे असलं तर संजूला सांगत, संजू मला सांगे, मी आणून संजूच्या हातात देई. दुपारची विमानं बंद. मला आधी अपराधी वाटलं, मग राग आला, मग दोन्ही एकदम. टोक म्हणून हुकूम कुणी काढला होता? आईला म्हटलं, "माहं काय चुकलं?" ती तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "काईच नाई. बोलली हे चांगलं केलं." मग जरा थांबून म्हणाली, "आता तीन दिवस भोग." आई कुठून तीन दिवस मोजून आणायची कोण जाणे.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग उचलली तर खाली बाबा चपला घालून उभे. गिऱ्हाइकीच्या वेळेला दुकान सोडून ते कधी कुणाला पोचवायला स्टेशनवर गेले नव्हते. ऑटोत माझी बॅग मांडीवर घेऊन बसले. प्लॅटफॉर्मवर मला खिडकीची जागा धरून दिली, डबा हातात दिला, खाली उतरले आणि खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

"तुले वाटत असन मी रागावलो."

मी मांडीवरचा डबा सरळ करत बसले.

"रागावलोच होतो. तेरा मानसासमोर बोलली तू." मग इकडेतिकडे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना याची खात्री केली. "अन्‌ तू बरोबर होती. दोन्ही खरं हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, आणि मला ते रेल्वेच्या खिडकीत मिळत होतं. गाडीनं हिसका दिला. बाबा चार पावलं सोबत चालले आणि ओरडून म्हणाले, "तो साहेब बी रागावन! रागावू दे त्याले! माहा तीन दिवसात उतरला, त्याचा बी उतरन!"

पुढं आयुष्यात मला पुष्कळ शिक्षकांनी पुष्कळ शिकवलं, जाडजूड पुस्तकं वाचली, पण कामाला आलं ते हेच. मोठ्या माणसाचा राग उतरतो. एवढं साधं, पण मला ते खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं की मोठा माणूस रागावला म्हणजे सगळं संपलं. बाबांनी तीन दिवस रुसून मला ते दाखवून दिलं, आणि मुद्दाम दाखवलं असंही नाही. ते खरेच रुसले होते.

परीक्षेला तेच कॅप्टन. तोच आवाज कानात. पहिली पंधरा मिनिटं सगळं सरळ गेलं. मग मी त्यांना सांगितलं, चौदा हजारांवर राहा. ते म्हणाले, तेरा हजारांवर येतो. पट्टीवर बघितलं, तेरावर दुसरं विमान होतं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "निगेटिव्ह. चौदा हजार. तेरा नाही, चौदावर राहा."

मग तो खर्जातला आवाज आला, चांगला तापलेला. तुम्ही मला आधी तेरा म्हणालात.

मी नव्हते म्हटले. मला ठाऊक होतं मी काय म्हटलं ते. मी परत बटण दाबलं आणि म्हटलं, "निगेटिव्ह. चौदा हजार." आणि गप्प बसले. या वेळचं गप्प बसणं निराळं होतं. मी वाट बघत होते.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "चौदा हजार."

उरलेले भाग संपवून मी बाहेर आले तेव्हा कॅप्टन माझ्याकडे न बघता निघून गेले. आमच्या एका शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. ते हसू दाबत होते. म्हणाले, परीक्षेत कॅप्टननी एक चूक मुद्दाम करायची असते, ती आज त्यानंतर होती, तिसऱ्या भागात. तुम्ही पकडलीत ती त्यांची खरी चूक होती. आम्ही पलीकडे दोघं बसलो होतो, आम्हालाही कळलं, पण आम्ही काही बोललो नाही.

मी सरळ एस.टी.डी. बूथवर गेले आणि दुकानात फोन लावला. निकाल संध्याकाळी लागायचा होता, मुद्दाम केलेली चूक पकडली होती की नाही याचीही मला धड खात्री नव्हती. नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं. फोन बाबांनीच उचलला. मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता, थान उलगडल्याचा धप्‌ आवाज आला. मला वाटलं, आता विचारतील पास का नापास.

"टोकलं का?" बाबांनी विचारलं.

"टोकलं."

"रागावला का तो?"

"लय रागावला, बाबा."

आणि बाबा हसले. एवढं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, दम लागेपर्यंत हसले. मग रिसीव्हर तसाच हातात धरून ते सगळ्या दुकानाला ओरडून सांगू लागले, "देवीदास, पोट्टी पास झाली! ओ ताई, ओ काका, माही पोरगी पास झाली!" तिकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, जिन्यावरून आई धावत उतरल्याचा आवाज आला, संजू ओरडला, कुणीतरी पेढे आणायला पळालं. बाबा साफ चुकीचं सांगत होते. निकाल लागायला अजून चार तास होते आणि बूथच्या काचेला कपाळ टेकून मी ते सगळं ऐकत होते. मी त्यांना टोकलं नाही.